‘ऑल रिस्क’ म्हणजे कुणाची रिस्क? बांधकाम-विम्याचे तीन कागद, ढाणकीतून वाचताना

पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींचा एक प्रश्न सारखा येतो: "गाइड म्हणतात क्रिटिकल रिव्ह्यू लिहा. म्हणजे नेमकं काय लिहायचं?" मग बहुतेक जण दहा पेपरांचे सारांश एकाखाली एक लावतात आणि शेवटी "या क्षेत्रात अधिक संशोधनाची गरज आहे" असं वाक्य टाकून मोकळे होतात. त्याला समीक्षा म्हणत नाहीत. समोरचा कागद कशाबद्दल बोलतो, कशाबद्दल गप्प बसतो आणि ती गप्प जागा कुणाच्या वाट्याला येते, हे दाखवता आलं तर ती समीक्षा. नुसतं सांगून हे कळत नाही, म्हणून आज एक विषय घेऊन करूनच दाखवते.

विषय आहे बिल्डर आणि बांधकाम प्रकल्पांचा विमा. मी मूळची रसायनशास्त्राची, फ्लाय अ‍ॅश घातलेल्या काँक्रीटवर काम करते. विमा हा काही माझा विषय नाही. पण काँक्रीटचे क्यूब फोडून फोडून एक गोष्ट डोक्यात बसली होती: माल खराब निघाला तर तो किती खराब हे आम्ही आकड्यात सांगतो, त्याचे पैसे कोण भरणार हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. त्या शोधात तीन कागद हाती आले. पहिला, स्थावर संपदा कायदा म्हणजे आपल्या बोलण्यातला ‘रेरा’, त्यातलं कलम 16. दुसरा, विमा कंपन्यांच्या ‘काँट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ पॉलिसीची ठरलेली शब्दयोजना. बोलताना सगळे तिला सीएआर म्हणतात. तिसरा, सरकारी बांधकामाच्या निविदेतली विम्याची अट.

हे तिन्ही कागद मुंबई-पुण्यात बसून वाचले तर बरे वाटतात. म्हणून मी ते ढाणकीवर ठेवून वाचले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ढाणकी हे यवतमाळ जिल्ह्यात, उमरखेड तालुक्यात, पैनगंगेच्या अलीकडचं बाजाराचं गाव. आता नगरपंचायत आहे. घरं बांधली जातात, दुकानांवर मजले चढतात, रस्ते-नाल्यांची कामं निघतात. टॉवर नाहीत. चौरस फुटाच्या भावाने मजुरी ठेका घेणारा मिस्त्री, त्याच्यासोबत दोन-तीन गवंडी, चार बिगारी आणि रेजा. सेंट्रिंगवाला वेगळा, स्लॅबच्या दिवशी मिक्सर घेऊन येणारी गँग वेगळी. महाराष्ट्रातलं बरंचसं बांधकाम असंच चालतं, म्हणून कागद तपासायला हीच जागा योग्य.

आधी कलम 16. हा कायदा 2016 चा, 1 मे 2017 पासून पूर्ण लागू झाला. कलम म्हणतं की प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, शासन अधिसूचित करील ते विमे घ्यावेत. त्यात जमीन व इमारतीच्या मालकी हक्काचा विमा आणि बांधकामाचा विमा हे दोन आलेच. हप्ता बिल्डरने भरायचा. विक्री करार झाला की विम्याचा लाभ घर घेणाऱ्याकडे वळतो आणि रहिवाशांची संस्था झाली की सगळी कागदपत्रं तिच्या हातात द्यायची. वाचायला फार छान आहे. मालकी हक्काच्या विम्याची तर आपल्याकडे खरीच गरज आहे. सातबारा हा महसुली अभिलेख, त्यावरच्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही हे न्यायालयांनी कितीदा तरी सांगितलंय, आणि तरी आपण सातबाऱ्यावर नाव चढलं की पेढे वाटतो.

पण वाक्याचं व्याकरण बघा. "शासन अधिसूचित करील ते." अख्खं कर्तव्य या एका शब्दसमूहाला टांगलेलं आहे. वेगळी अधिसूचना निघाल्याशिवाय या ‘घ्यावेत’ला धार येत नाही. तरी "रेरामुळे बिल्डरला विमा बंधनकारक झाला" असं वाक्य सेमिनारच्या स्लाइडवर आणि लेखांमध्ये बिनदिक्कत येतं. संशोधनात ही सवय घातक. कायद्यातलं कलम ही एक पातळी, नियम व अधिसूचना ही दुसरी, आणि लोकांच्या हातात प्रत्यक्ष पडलेला कागद ही तिसरी. तिन्ही वेगवेगळ्या तपासायच्या. तिसरी तपासायला ग्रंथालयही लागत नाही. 2017 नंतर फ्लॅट घेतलेले कुणी ओळखीत असतील तर विचारा, सोसायटी झाली तेव्हा विम्याची कागदपत्रं मिळाली का? बहुतेक जण उलट विचारतील, कोणता विमा?

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. कलम 3 प्रमाणे जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाची नोंदणीच लागत नाही. 500 चौरस मीटर म्हणजे साधारण 5,400 चौरस फूट. ढाणकीत एवढ्या जागेवर आठाहून जास्त फ्लॅट विकायला काढणारा माणूस विरळा. स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेलं घर तर रेराच्या कक्षेत येतच नाही, कारण तिथे विक्रीच नाही.

विज्ञान शाखेच्या लोकांना हे लगेच कळेल. पाण्याच्या नमुन्यात आर्सेनिक मोजताना रिपोर्टवर ‘बिलो डिटेक्शन लिमिट’ आलं, तर आपण "आर्सेनिक शून्य" असं लिहीत नाही. उपकरणाला त्याखालचं दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आठ सदनिका आणि 500 चौरस मीटर ही रेरा नावाच्या उपकरणाची शोधमर्यादा आहे. महारेराच्या संकेतस्थळावरून नोंदणीकृत प्रकल्पांची माहिती उतरवून घ्यायची, विश्लेषण करायचं आणि शीर्षक द्यायचं "महाराष्ट्रातील बांधकाम क्षेत्रातील जोखीम", हे म्हणजे शोधमर्यादेखालच्या सगळ्या नमुन्यांना शून्य धरणं. डेटा सोपा मिळतो म्हणून प्रश्नच तेवढा करून टाकायचा, हा मोह प्रत्येक शाखेत आहे. मला या विषयावरच्या लिखाणात तोच सगळ्यात जास्त खटकतो.

आता सीएआर. नावातच ‘ऑल रिस्क’ आहे, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. खरं तर हे नाव उलट्या बाजूने वाचायचं असतं: जे वगळलेलं नाही ते सगळं. म्हणजे पॉलिसीचा जीव वगळलेल्या यादीत. दोन मुख्य भाग असतात. एक, बांधकामाचं भौतिक नुकसान. दोन, तिऱ्हाइताला झालेल्या इजेची किंवा नुकसानीची जबाबदारी.

पहिल्या भागातले कळीचे शब्द म्हणजे ‘अनपेक्षित आणि अचानक’ झालेलं भौतिक नुकसान. वादळाने सेंट्रिंग पडलं, पुराचं पाणी प्लिंथमध्ये शिरून काम वाहून गेलं, आग लागली, हे त्यात बसतं. आता ढाणकीची जमीन घ्या. काळी, कापसाची. तिच्यातली चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. शेतात हात जाईल अशा भेगा पडतात त्या यामुळेच. आमच्या भाषेत स्मेक्टाइट गटातली खनिजं, पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरून पापुद्रे दूर सरकतात. पायाखाली मुरूम नीट भरलेला नसेल, पाया पुरेसा खोल गेलेला नसेल, तर दोन-तीन पावसाळ्यांत भिंतींना तिरप्या भेगा जातात. इथल्या घरांचं हे सगळ्यात ओळखीचं दुखणं. पण ते ना अनपेक्षित, ना अचानक. शिवाय ते दिसायला लागतं तोवर काम पूर्ण होऊन ताबा दिलेला असतो आणि सीएआर तिथेच संपलेली असते. देखभाल-काळाचं वाढीव संरक्षण घेता येतं, पण ते मर्यादित असतं.

मग येतो वगळलेला मुद्दा: सदोष डिझाइन, आणि सदोष माल किंवा कारागिरी. यात एक बारीक भेद आहे, तो नीट समजून घ्या कारण परीक्षकही इथे घसरतात. प्रचलित शब्दयोजनेत सदोष मालाची किंवा कारागिरीची वस्तू स्वतः बदलायचा खर्च मिळत नाही, पण तिच्यामुळे अपघात होऊन नीट बांधलेल्या दुसऱ्या भागाचं नुकसान झालं तर ते मिळू शकतं. कच्च्या काँक्रीटचा कॉलम खचला आणि त्याच्यासोबत चांगला स्लॅब आला, तर स्लॅबचा दावा उभा राहतो, कॉलमचा नाही. मात्र कारण सदोष डिझाइन ठरलं, तर दोन्ही गेले. म्हणजे पैसे मिळणार की नाही हे ‘माल वाईट होता’ की ‘आखणी वाईट होती’ यावर ठरणार.

आणि जिथे डिझाइनच नाही तिथे काय? मिस्त्री अनुभवाने सांगतो, "बारा एमएमचे चार टाका, होऊन जाते." परवानगीसाठी जोडलेला नकाशा आणि साइटवर उभं राहिलेलं घर यांची भेट फक्त नगरपंचायतीच्या फायलीत होते. अशा कामात सळई कमी पडली तर तो डिझाइनचा दोष, कारागिरीचा की मालाचा? पॉलिसी लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, ठेकेदार आणि माल पुरवणारा असे चार वेगळे माणसं आहेत. ढाणकीत हे चारही एकाच पायजम्यात असतात. त्या पॉलिसीचे भेद इथे लागूच पडत नाहीत, आणि दाव्याच्या वेळी संशयाचा फायदा घरमालकाला मिळेल अशी आशा कुणी ठेवू नये.

तिऱ्हाइताच्या भागातही तेच. शेजारच्याचं नुकसान झालं तर हा भाग कामी येतो असं सांगतात. पण हादऱ्यांमुळे किंवा आधार काढल्याने वा कमकुवत झाल्याने झालेलं नुकसान मूळ पॉलिसीत वगळलेलं असतं. जादा हप्ता भरून ते आत घ्यावं लागतं. जुन्या वस्तीत घराला घर लागून, कित्येकदा भिंतही सामायिक. पाया खोदताना शेजारच्याची भिंत बसणं, हीच तिथली खरी भीती, आणि नेमकी तीच बाहेर.

विम्याच्या रकमेचा गणिती मुद्दा पटकन सांगून टाकते, कारण नेट-सेटच्या पोरांना आकडे आवडतात. विमा पूर्ण होणाऱ्या कामाच्या संपूर्ण किमतीवर घ्यायचा असतो. समजा काम 80 लाखांचं, पण हप्ता वाचवायला 40 लाखच दाखवले, आणि 10 लाखांचं नुकसान झालं. मिळणार निम्मं, म्हणजे 5 लाख, आणि त्यातूनही पॉलिसीत ठरलेली स्वतः सोसायची रक्कम वजा. "40 लाखांचा विमा होता ना, मग 10 का नाही दिले" हे भांडण इथून सुरू होतं.

आता सगळ्यात मोठी गप्प जागा. सीएआरच्या तिऱ्हाईत भागात ठेकेदाराचे स्वतःचे कामगार तिऱ्हाईत धरलेच जात नाहीत. मचाणावरून पडलेला बिगारी, स्लॅबखाली सापडलेली रेजा, यांच्यासाठी ‘ऑल रिस्क’मध्ये काहीच नाही. त्यांच्यासाठी वेगळी, कर्मचारी भरपाईची पॉलिसी घ्यावी लागते. बिल्डरच्या विम्याबद्दलच्या माहितीपर लेखांत हे वाक्य असतं, पण शेवटून तिसऱ्या परिच्छेदात. माझ्या मते ते पहिलं यायला हवं.

भरपाईचं सूत्र 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यातलं. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये सामावून घेतलाय, सूत्राची पद्धत तीच आहे. मृत्यू झाल्यास मासिक मजुरीच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. 30 वर्षांच्या माणसाचा गुणक 207.98. रोज 500 रुपये आणि महिन्याचे 26 दिवस धरले तर मजुरी 13,000, निम्मे 6,500, गुणाकार 13,51,870 रुपये. मजुरीची कमाल मर्यादा जानेवारी 2020 पासून 15,000 आहे, तेव्हा या वयाला जास्तीत जास्त 15,59,850. हा आकडा लक्षात ठेवा. आणि हेही की हा हक्क सोडून देतो असं मजुराकडून लिहून घेतलं, तरी तो कागद कायद्याने रद्दबातल. गावात "दोन लाखात मिटवलं" असं जेव्हा ऐकू येतं, तेव्हा मिटलेलं नेमकं किती होतं ते या सूत्राने काढता येतं.

इथे अजून एक गोंधळ संशोधनाच्या लिखाणात कायम दिसतो. 31 जुलै 2023 च्या मध्यरात्रीच्या सुमारास समृद्धी महामार्गाच्या कामावर, ठाणे जिल्ह्यात शहापूरजवळ, गर्डर बसवणारं अजस्र यंत्र कोसळून 20 जण गेले. राज्य सरकारने वारसांना 5 लाख आणि पंतप्रधान सहायता निधीतून 2 लाख जाहीर झाले. अशा रकमा ‘भरपाई’ म्हणून तक्त्यात टाकल्या जातात. ती मदत आहे, सरकारच्या मर्जीची. भरपाई हा हक्क आहे आणि तो मालकावर आहे. नोंदणीकृत कामगार कामावर मेला तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या योजनेतून वारसाला 5 लाख मिळतात, तेही वेगळं खातं. वर्षाला 20 रुपये हप्त्याच्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे 2 लाख, ते चौथं. चार वेगळ्या झऱ्यांचं पाणी एकाच बादलीत ओतून "कुटुंबाला एवढे मिळाले" म्हटलं, की ज्याने भरायला हवं होतं तो नजरेआड होतो.

झोपेतल्या मजुरांचं काय, हाही प्रश्न आहेच. पुण्याच्या कोंढव्यात 29 जून 2019 च्या पहाटे सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या साइटवरच्या मजुरांच्या शेडवर पडली, 15 जण गेले. ‘कामामुळे आणि कामादरम्यान’ या शब्दांत साइटवरची झोप बसते का, यावर एक चांगला प्रबंध होऊ शकतो. इथे मी तो फक्त नोंदवून पुढे जाते.

आता उंबरठ्यांकडे. 1996 चा बांधकाम कामगार कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला लागू होता, आणि स्वतःच्या राहण्याचं घर 10 लाखांपर्यंतचं असेल तर ते बांधणारी व्यक्ती आस्थापनेच्या व्याख्येतून बाहेर. 2020 च्या संहितेत हा 10 लाखांचा आकडा 50 लाख झाला. महागाई वाढली, आकडा वाढायला हवा होता, हे मान्य. 1996 चे 10 लाख आज 10 लाख नाहीत. पण 50 लाखांची रेषा ढाणकीत ओढून बघा: त्याखाली जवळजवळ सगळं गाव येतं. शहरातला आकडा गावावर ठेवला की सूट हा अपवाद राहत नाही, तोच नियम होतो.

दहा कामगारांचा उंबरठा मात्र वाटतो तितका बिनकामाचा नव्हता. 1996 च्या कायद्याचे शब्द होते, मागच्या बारा महिन्यांत ‘कोणत्याही दिवशी’ दहा किंवा अधिक. एरवी साइटवर सहा-सात माणसं असतात. स्लॅबच्या दिवशी मिक्सरवाली गँग येते आणि वीस-पंचवीस होतात. म्हणजे त्या एका दिवसाने उंबरठा ओलांडला जातो. पण ही वीस माणसं कुणाची? घरमालक म्हणतो मिस्त्रीची, मिस्त्री म्हणतो गँगवाल्याची, गँगवाला म्हणतो रोजंदारीवर आणलेत, माझी कशाची. भरपाई कायद्यात मुख्य मालकाला ठेकेदाराच्या कामगारासाठी जबाबदार धरणारं कलम 12 आहे, पण ते ‘धंद्याच्या ओघात किंवा धंद्यासाठी’ काम दिलं असेल तेव्हाचं. बिल्डरला ते लागतं. स्वतःचं घर बांधणाऱ्या शिक्षकाला किंवा शेतकऱ्याला लावणं अवघड. मग जबाबदारी येते मिस्त्रीवर, ज्याची स्वतःची मिळकत त्या बिगाऱ्यापेक्षा फार वेगळी नाही. साडेतेरा लाख त्याच्याकडून कुठून निघणार? कायद्याने हक्क दिला, वसूल करायला माणूसही दिला, फक्त त्या माणसाचा खिसा रिकामा आहे. ही दरी भरायला विमाच हवा होता, आणि त्याच जागी तो नाही.

तिसरा कागद याच गावातला असूनही वेगळ्या जगातला. महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकामाच्या निविदेत एक ठराविक अट असते: ठेकेदाराने कामाच्या पूर्ण किमतीचा, पूर्ण मुदतीचा विमा राज्याच्या विमा संचालनालयाकडूनच घ्यायचा, कामगारांसाठी भरपाईची पॉलिसीही घ्यायची, दुसऱ्या कंपनीची पॉलिसी चालणार नाही, घेतली नाही तर शासकीय विमा निधीने काढलेला हप्ता बिलातून कापला जाईल. मला ही अट तिन्हीपैकी सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण तिने इमारत आणि माणूस दोन्ही एकाच दमात धरले आहेत. गावातल्या सरकारी रस्त्यावर खडी पसरणारी बाई या कागदाच्या आत आहे. शंभर पावलांवर खासगी घराच्या स्लॅबवर घमेलं उचलणारी तिची बहीण तिन्ही कागदांच्या बाहेर.

तरी या अटीतही बोट ठेवायला जागा आहे. विमा व्यवहाराचं मूळ तत्त्व, 1938 च्या विमा कायद्याचं कलम 64 व्हीबी, असं की हप्ता आधी, जोखीम नंतर. मग हप्ता जर काम सुरू झाल्यावर बिलातून कापला जात असेल, तर पहिलं बिल निघेपर्यंतच्या महिन्यांत पडलेल्या मजुराचं काय? कापणी म्हणजे संरक्षण आहे की नुसती वसुली? माहितीच्या अधिकारात मागता येतील असे हे कागद आहेत: कार्यादेशाची तारीख, पॉलिसी सुरू झाल्याची तारीख, हप्ता कापल्याची तारीख. तीन रकाने. एका तालुक्याच्या पाच वर्षांच्या कामांचे हे तीन रकाने भरले, तर एम.फिल.च्या तोडीचं काम होतं, आणि मला नाही वाटत कुणी गाइड नाही म्हणेल.

दुसरीकडे काय करतात, हे एका उदाहरणापुरतं. फ्रान्समध्ये 4 जानेवारी 1978 चा कायदा आहे, स्पिनेटा कायदा म्हणून ओळखतात. इमारतीच्या गंभीर दोषांसाठी बांधणाऱ्यांची जबाबदारी दहा वर्षं, तिचा विमा सक्तीचा. आणि बांधून घेणाऱ्यानेही काम सुरू होण्याआधी एक विमा घ्यायचा, ज्यातून दुरुस्तीचे पैसे आधी मिळतात. चूक कुणाची, हे विमा कंपन्या मागाहून आपापसात निस्तरतात. आपल्याकडे रेराच्या कलम 14 प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षं संरचनात्मक दोष बिल्डरने 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा. जबाबदारी आहे, पण तिच्यामागे पैसा उभा करणारा विमा नाही. सीएआर तर ताबा देतानाच आटोपलेली. महाडची तारिक गार्डन 24 ऑगस्ट 2020 ला कोसळली, 16 जण गेले. जेमतेम दशकभराची पाच मजली इमारत. पाच वर्षांचं संरक्षण अशा इमारतीला अपुरं पडलं असतं, आणि दोष कुणाचा ठरेपर्यंत थांबायला तिथे कुणाकडे छप्परच उरलं नव्हतं.

फ्रान्सचं जसंच्या तसं इथे आणा, असं मी म्हणत नाही. तिथे निदान मोठ्या बांधकामांवर तरी तपासणारा माणूस असतो आणि विमा कंपनी त्याच्या अहवालावर भरवसा ठेवते. आपल्याकडे नगरपंचायत बांधकाम परवानगी देताना खर्चाच्या 1 टक्का कामगार उपकर घेते, म्हणजे ज्या घरांना तो लागू आहे त्यांच्यापर्यंत सरकारचा हात आधीच पोचलेला आहे. त्याच खिडकीवर, त्याच पावतीसोबत, त्या घरावर काम करणाऱ्यांची भरपाई पॉलिसी निघायला काय हरकत आहे? नाव मजुरांचं नको, कारण ते रोज बदलतात, पत्त्याचं हवं. या घराच्या साइटवर जो कुणी काम करील तो. भरपाईची पॉलिसी एकूण मजुरीवर निघते, आणि घराची मजुरी चौरस फुटावर ठरलेलीच असते, म्हणजे हिशेबालाही अडचण नाही. 50 लाखांखालच्या सुटीतली घरं यात कशी आणायची, हा प्रश्न उरतो, आणि तो खरा आहे.

ज्यांना या विषयावर प्रस्ताव लिहायचा आहे त्यांनी ‘जागरूकता’ मोजणारी प्रश्नावली काढू नये, ही विनंती. "तुम्हाला सीएआर पॉलिसी माहीत आहे का? होय/नाही" विचारून 90 टक्के नाही येणार, आणि निष्कर्ष निघेल की जागरूकता वाढवावी. जी पॉलिसी आपल्या घरासाठी बनलेलीच नाही ती माहीत नसणं हे अज्ञान नव्हे. त्याऐवजी नगरपंचायतीच्या परवानगी नोंदवहीतून एका वर्षाची सगळी बांधकामं घ्या आणि प्रत्येकासमोर लिहा: रेराच्या आत की बाहेर, 10 लाखांच्या रेषेखाली की वर, 50 लाखांच्या खाली की वर. एवढं ऑफिसात बसून होतं. कामगारांची संख्या मात्र त्या वहीत सापडणार नाही, त्यासाठी साइटवर जावं लागेल, आणि किमान दोनदा: एकदा प्लिंथच्या कामाला आणि एकदा स्लॅबच्या दिवशी. स्लॅबच्या दिवशी सकाळी लवकर जा. दुपारनंतर कुणी बोलायला मोकळं नसतं, आणि संध्याकाळी गँग हिशेब घेऊन पुढच्या गावाला निघून गेलेली असते.